फैय्याज: नाव न बदललेली नायिका

मराठी नाटकाची सुरुवात १८४३ साली सांगलीत झाली; आमच्या आष्ट्यापासून सांगली जवळच. पुढे हिंदी पडद्यावर महजबीनची मीनाकुमारी झाली, मुमताजची मधुबाला. सोलापूरच्या फैय्याज शेख मात्र मराठी रंगभूमीवर फैय्याज म्हणूनच आल्या. १९६७ साली दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’त त्या खाँसाहेबांची मुलगी झरीना झाल्या. ‘वीज म्हणाली धरतीला’ या शिरवाडकरांच्या नाटकातही त्यांचा अभिनय आणि गळा दोन्ही गाजले. ‘घरकुल’ चित्रपटासाठी त्या गायल्या. २०१५ साली बेळगावच्या अखिल भारतीय नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. वर्गातल्या मुली विचारतात, “सर, मराठी आपली भाषा आहे का?” तेव्हा मी फळ्यावर हे नाव लिहितो. उर्दूतही, मराठीतही.