कॉर्कची लोण्याची पेठ

लोणी नासतें तें बहुधा त्यांत राहिलेल्या ताकामुळें. आपण तें कढवून तूप करतों, म्हणजे पाण्याचा अंशच उरत नाहीं. आयर्लंडच्या शेतकऱ्यानें मिठाचा आश्रय घेतला. १७६९ च्या सुमारास कॉर्क शहरीं व्यापाऱ्यांनीं लोण्याची पेठ स्थापिली. तेथील पिंपें थेट वेस्ट इंडीजच्या उष्ण बेटांपर्यंत जात. म्हणून परीक्षा कडक. परीक्षक पोकळ सळई पिंपांत खोल खुपसून आंतलें लोणी काढी, हुंगी, चाखी आणि प्रत ठरवी. वर ताजा थर देऊन खालीं खवट माल दडविण्याची युक्ति (ती काय फक्त आयरिश लोकांनाच सुचावी?) तेथें चालत नसे. शेतकऱ्याचा खंड मात्र त्या एका नाकावर अवलंबून! पुढें डेन्मार्कचें ताजें, अल्प मिठाचें लोणी इंग्लंडांत लोकप्रिय झालें. जें मीठ राखणदार होतें तेंच दोष ठरलें. १९२४ सालीं पेठ बंद झाली.