तिजोरीची किल्ली

इंग्लंडच्या राजाची सत्ता पार्लमेंटने कशी आटोक्यात आणली, असे विचारले की बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात : १२१५ ची मोठी सनद आणि १६४९ साली पहिल्या चार्ल्सचा झालेला शिरच्छेद. आम्ही हा इतिहास वाचला तो शाळेत नव्हे, कामगार संघटनेच्या कचेरीत, रात्री दिव्याखाली. मालकाची करारावर सही झाली की लढा जिंकला, अशी तरुणपणी आमचीही समजूत होती. सहीनंतर त्याला पुन्हा आपल्या दाराशी यावे लागणार की नाही, हा खरा प्रश्न आहे, हे पुढे ठेचा खाऊन कळले. इंग्रजांनाही तो धडा शिकायला पावणेपाचशे वर्षे लागली.

थेम्सकाठी रनीमीडच्या कुरणात जॉन राजाने सनदेवर मोहोर उठवली. राज्याच्या संमतीवाचून जादा पट्ट्या बसवू नयेत, असे तीत होते. दोन-अडीच महिन्यांत पोपने ती रद्द ठरवली. पुढच्या राजांनी ती पुनःपुन्हा कबूल केली. पुनःपुन्हा कबूल करवून घ्यावी लागली, यातच सारे आले.

चार्ल्सने १६२८ साली हक्कांचा अर्ज मान्य केला, १६२९ साली पार्लमेंट मोडले आणि पुढे अकरा वर्षे ते बोलावलेच नाही. मग पैसा कोठून आणायचा? किनाऱ्यावरच्या मुलखाने युद्धप्रसंगी आरमारासाठी द्यावयाची जुनी जहाजपट्टी त्याने १६३५ साली समुद्रापासून दूरच्या परगण्यांवरही बसवली. जॉन हॅम्पडेन या जमीनदाराने ती नाकारली. खटला अवघ्या वीस शिलिंगांचा होता. एवढी रक्कम त्याला जड नव्हती. विचारल्यावाचून घेणे त्याला मान्य नव्हते. बारा न्यायाधीशांपैकी सात राजाकडे गेले, पाच हॅम्पडेनकडे. तो हरला, पण वसुली ढासळली. स्कॉटलंडशी युद्ध जुंपले, तिजोरी रिकामी झाली आणि १६४० साली राजाला पार्लमेंटपुढे हात पसरावा लागला. ४ जानेवारी १६४२ रोजी पाच सभासदांना पकडण्यासाठी तो शिपाई घेऊन सभागृहात आला. हॅम्पडेन त्या पाचांतलाच. पाचही आधीच निसटले होते. त्याच वर्षी यादवी पेटली.

राजाचे डोके उडाले, पण प्रश्न सुटला नाही. १६५३ साली क्रॉमवेलनेही शिपाई आणून पार्लमेंट हाकलून लावले. १६६० साली गादी परत आली. १६८५ साली तर पार्लमेंटनेच घोडचूक केली : दुसऱ्या जेम्सला जकातीचे उत्पन्न तहहयात देऊन टाकले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याने सभा तहकूब केली आणि १६८८ साली पळून जाईपर्यंत ती पुन्हा भरवली नाही. गरज संपली, भेट संपली!

या वेळी मात्र लोक शहाणे झाले. १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने संमतीवाचून कर आणि शांततेच्या काळात खडी फौज बेकायदा ठरली. हे झाले कागदावर. पण विल्यम आणि मेरी यांना १६९० साली जकात दिली ती चारच वर्षांपुरती, आणि फौजेच्या शिस्तीचा कायदाही अल्प मुदतीचा केला. राजाला आता वरचेवर दाराशी येणे भाग पडले. तेव्हापासून पार्लमेंट भरले नाही असे एकही वर्ष गेलेले नाही; आणि १७०८ नंतर कोणत्याही राजाने वा राणीने त्याच्या विधेयकाला संमती नाकारलेली नाही. तलवारीने जे साधले नाही, ते मुदतीने साधले.

पण ही किल्ली होती कोणाच्या हाती? जमीनदारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या. १८३२ ची सुधारणा होईपर्यंत कापडाच्या मँचेस्टर शहराला स्वतःचा सभासद नव्हता. शहरांतल्या पुष्कळशा कामगारांना मत मिळाले १८६७ साली, सर्व प्रौढ पुरुषांना १९१८ साली आणि स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने १९२८ साली. राजाला वेसण घालणाऱ्यांनी आपल्या नोकरांना दारातच उभे ठेवले होते.

कायद्यावाचून कर नाही, हे तत्त्व आपल्या घटनेच्या २६५ व्या कलमात आहे, आणि सरकारला दरसाल अंदाजपत्रक घेऊन लोकसभेपुढे यावेच लागते. किल्ली आज आपल्या हाती आहे, श्रोतेहो. जेम्सला ती कोणी हिसकून दिली नव्हती. ज्यांच्या हाती होती त्यांनीच ती त्याच्या पदरात टाकली. एवढे ध्यानात ठेवले तरी हा परका इतिहास वाचल्याचे सार्थक झाले.