टॉवेल बोलतो, गाठ बोलत नाही

डॉक्टरवर केस म्हटलं की मला आधी आपल्या मराठवाड्यातला एक निकाल आठवतो. जुलै १९६३, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर). सरकारी दवाखान्यात एका बाईचं बाळंतपण झालं, तीन दिवसांनी नसबंदीचं ऑपरेशन. मग तब्येत बिघडत गेली. पुन्हा पोट उघडलं तर आत टॉवेल! २४ जुलैला ती गेली. नवरा अच्युतराव खोडवा कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये दिले, हायकोर्टाने दावा फेटाळला, सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये खालचाच निकाल कायम केला. म्हणजे ३३ वर्षं...

तरी तिथे पुरावा सोपा होता. टॉवेल आपण होऊन पोटात जात नाही.

कॅन्सर उशिरा कळला तर? इंग्लंडमधला ग्रेग विरुद्ध स्कॉट हा खटला बघा. १९९४ मध्ये डॉक्टरने काखेतली गाठ साधी चरबीची ठरवली. निदान नऊ महिने लांबलं. बरं होण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ वर आली. डॉक्टरची चूक मान्य झाली, तरी २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ३ विरुद्ध २ मतांनी दावा फेटाळला. कारण शक्यता मुळातच ५० च्या खाली होती! गेलेले १७ टक्के कुणाच्याच हिशोबात नाहीत.

म्हणजे दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: डॉक्टर चुकला, आणि त्या उशिरानेच नुकसान झालं. दोन्हींना तारखा लागतात. आमच्या किनवटचा माणूस आधी गावात दाखवतो, मग आदिलाबाद, मग नांदेड. दर ठिकाणी नवी चिठ्ठी, जुनी घरीच.

कायदा तसा बाजूने आहे. पैसे देऊन घेतलेले उपचार १९९५ च्या निकालापासून ग्राहक कायद्यात येतात (सगळ्यांना फुकट असलेल्या दवाखान्यासाठी दिवाणी कोर्ट). २०१९ च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यात, म्हणजे नांदेडलाच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. कागद मागितले की ७२ तासांत द्यावे लागतात.

हे सगळं वाचायचं कारण घरचंच. मावशीच्या गाठीला आठ महिने गळू समजून गोळ्या दिल्या गेल्या. डॉक्टरचं नाव लिहीत नाही. सध्या तिची फाईल तारखेवार लावतोय. पहिल्या चिठ्ठीवर 'गाठ' हा शब्द आहे का, आधी तेवढंच बघायचंय.