दर्यावर वाट कोणी द्यावी?

समुद्रावर रस्ता नसतो, तेव्हा तेथे रस्त्याचे नियमही नसावेत, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. जमिनीवरचा रस्ता गाड्यांना आपोआप ओळीत ठेवतो. समुद्रावर कोणत्याही दिशेने कोणतेही जहाज येऊ शकते, आणि आले म्हणजे ते चटकन थांबविता येत नाही. म्हणून दोन जहाजांची गाठ पडली असता बाजूला कोणी व्हावे आणि आपला रोख कोणी कायम ठेवावा, हे आधीच ठरलेले असावे लागते. बोलण्यात याला 'वाटेचा हक्क' म्हणतात. हा हक्क शिडाच्या जहाजाचा की यंत्राच्या, या प्रश्नाचा इतिहास येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. तो सांगताना आपल्याला असे आढळून येईल की, ज्याला हक्क म्हटले जाते तो मुळात हक्क नव्हेच.

शिडांच्या काळापासून आरंभ करू. कोणतेही शीड वाऱ्याच्या थेट तोंडावर चालत नाही. ज्या दिशेकडून वारा येतो तिकडेच जावयाचे असेल, तर तांडेलाला जहाज एकदा या अंगाला व एकदा त्या अंगाला घालीत नागमोडी वाटेने पुढे सरकावे लागते. असे चाललेले जहाज फार अडचणीत असते. ते वाऱ्याकडे आणखी वळले तर शिडे फडफडू लागतात आणि जहाज जागीच अडते. वाऱ्यापासून दूर वळले तर मोठ्या कष्टाने काटलेले अंतर हातचे जाते. याउलट ज्याला वारा पाठीमागून किंवा मोकळेपणाने मिळतो, त्याला डावीकडे वा उजवीकडे सहज वळता येते. म्हणून दर्यावर्दी लोकांत असा रिवाज पडला की, मोकळ्या वाऱ्याने जाणाऱ्याने वाऱ्याशी झगडणाऱ्याला वाट द्यावी. दोघेही झगडणारे असतील, तर ज्याच्या डाव्या अंगावर वारा आहे त्याने बाजूला व्हावे. उजव्या अंगावर वारा घेणाऱ्याने आपला रोख सोडू नये.

या रिवाजात माल कोणाचा, जहाज राजाचे की व्यापाऱ्याचे, याचा विचार नाही. वळणे कोणाला सोपे आहे, एवढेच त्यात पाहिले आहे. पुढच्या सर्व नियमांचे बीज येथे सापडते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जगात आगबोट आली. आपल्या मुंबईलाही तिचे दर्शन लवकर घडले. येथेच बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३० च्या मार्च महिन्यात मुंबईहून सुएझकडे निघाली. वारा समोरून असो वा मागून, आगबोटीला हवे तिकडे तोंड करता येई. हा नवा प्राणी जुन्या रिवाजात बसवावयाचा कोठे, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

इंग्लंडमध्ये दीपस्तंभ व वाटाडे यांची व्यवस्था पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउस या जुन्या संस्थेने १८४० साली त्याचे उत्तर दिले, आणि ते मोठे मार्मिक आहे. आगबोट म्हणजे अनुकूल वाऱ्याने चाललेले जहाज, असे समजावे. अर्थात वाऱ्याशी झगडणाऱ्या शिडाच्या जहाजाला तिने वाट द्यावी. नवे यंत्र आले म्हणून नवे तत्त्व शोधले गेले नाही, जुन्याच तत्त्वाचा विस्तार झाला. जिला वारा सदैव अनुकूल, तिचे स्वातंत्र्य अधिक. म्हणून तिच्यावर भारही अधिक. १८४६ साली पार्लमेंटने आगबोटींच्या कायद्यात वाटेच्या नियमांना स्थान दिले, आणि १८४८ पासून आगबोटींना रंगीत दिव्यांची सक्ती झाली: डोलकाठीवर पांढरा, उजव्या अंगाला हिरवा आणि डाव्या अंगाला तांबडा. शिडाच्या जहाजांना अंगाचे हे दोन दिवे १८५८ मध्ये लागू झाले.

परंतु ट्रिनिटी हाउसच्या नियमांत एक मोठी उणीव होती. दोन आगबोटी एकमेकींच्या जवळ आल्या की दोघींनीही उजवीकडे वळावे, म्हणजे डावे अंग डाव्या अंगाला येऊन त्या सुखरूप निघून जातील, असे त्यात सांगितले होते. समोरासमोर येणाऱ्या बोटींना हे योग्य होते. परंतु एक बोट दुसरीची वाट आडवी छेदीत असेल, तर दोघींनी उजवीकडे वळल्याने टक्कर टळण्याऐवजी ओढवण्याचाही संभव असे. ब्रिटन व फ्रान्स यांच्या विचारविनिमयातून जे नियम १ जून १८६३ पासून अमलात आले, त्यांनी हा गोंधळ दूर केला. समोरासमोर आल्यास दोघींनी उजवीकडे वळावयाचे; वाट छेदली जात असल्यास जिच्या उजव्या अंगाला दुसरी बोट असेल तिनेच बाजूला व्हावयाचे. येथे त्या दिव्यांचे मर्म कळते. उजव्या अंगाला असलेल्या बोटीचा तांबडा दिवा आपल्याला दिसतो, आणि तो दिसला की थांबावे किंवा वळावे लागते. आपला हिरवा दिवा पाहणारी ती मात्र पुढे जाते. आगबोटीने शिडाच्या जहाजाला वाट द्यावी, हेही याच नियमांत स्वच्छ शब्दांत सांगितले गेले. १८६४ अखेर तीसांहून अधिक देशांनी ते स्वीकारले होते. त्या काळी इतक्या राष्ट्रांचे एकमत झालेल्या गोष्टी फार थोड्या असतील.

१८६३ च्या नियमांतील आणखी एक कलम आमच्या विषयाच्या गाभ्याशी जाते. एका जहाजाने बाजूला व्हावयाचे असेल, तर दुसऱ्याने आपला रोख कायम ठेवावा, असे त्यात म्हटले होते. १८८९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्यात वेगाचीही भर घातली: रोखही बदलू नये, वेगही बदलू नये. नीट पाहिले असता हा हक्क नसून बंधन आहे, हे लक्षात येते. ज्याला वाट मिळते त्याने मनाला येईल तसे चालावयाचे नाही. बाजूला होणाऱ्याला आपला हिशेब मांडता यावा, म्हणून त्याने आहे तसेच चालत राहावयाचे आहे. एकाचे कर्तव्य वळण्याचे, दुसऱ्याचे न वळण्याचे. 'हक्क' या शब्दाला या मांडणीत जागाच नाही, आणि आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही तो शब्द दोन जहाजांच्या संबंधात वापरलेला नाही.

हे तत्त्व मोडले तर काय होते, याचे एक ठळक उदाहरण १९१० सालच्या नोव्हेंबरात इंग्लिश खाडीत घडले. 'प्रॉयसन' हे पाच डोलकाठ्यांचे जर्मन जहाज १९०२ मध्ये बांधले गेले होते, आणि शिडांच्या जहाजांत ते आपल्या काळचे एक आश्चर्य होते. ते चिलीकडे निघाले होते. मालात पियानोही होते. इंग्लंड-फ्रान्स अशा खेपा करणारी 'ब्राइटन' ही लहानशी आगबोट त्याच्या समोरून आडवी निघाली. नियमाप्रमाणे वाट तिने द्यावयाची होती. परंतु शिडाचे जहाज ते किती वेगाने येणार, असा तिच्या कप्तानाचा अंदाज असावा. प्रॉयसन ताशी सुमारे १६ सागरी मैलांच्या वेगाने येत होते. टक्कर झाली, पुढची शिडे व डोलकाठीचा भाग मोडला, आणि एवढे प्रचंड जहाज स्वतःला सावरू शकेना. त्यातच वादळ उठले. डोव्हरजवळ नांगराच्या साखळ्या तुटून ते खडकांवर चढले, ते पुन्हा तरंगलेच नाही. चौकशीत दोष आगबोटीच्या कप्तानाकडे आला व त्याचा परवाना गेला. दुसऱ्याच्या शक्तीचा अंदाज चुकणे हे एक कारण झाले. पण माझे यंत्र माझ्या हाती आहे, तेव्हा मी आधी निसटेन, ही वृत्ती त्याच्या मुळाशी होती असे आम्हांस वाटते.

यावरून शिडाची बाजू सदैव खरी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. विसाव्या शतकात जहाजे इतकी मोठी झाली की अबलेची व सबलेची ओळखच बदलली. अरुंद व खोल पाण्याच्या पट्ट्यातून जाणाऱ्या अवाढव्य तेलवाहू जहाजाला वळावयास जागा नसते, आणि थांबावयाचे म्हटले तर कित्येक मैल लागतात. त्याच्यापुढे आलेली लहान शिडाची नौका मात्र क्षणात फिरू शकते. म्हणून १९७२ साली लंडनमध्ये संमत झालेल्या आणि १५ जुलै १९७७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनी जुन्या तत्त्वाचीच पुन्हा नीट मांडणी केली. यंत्राच्या जहाजाने शिडाच्या जहाजाला वाट द्यावी, हे कायम राहिले. परंतु अरुंद मार्गात शिडाच्या नौकेने किंवा वीस मीटरांहून लहान नौकेने मोठ्या जहाजाची अडवणूक करू नये. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने, मग ते शिडाचे का असेना, पुढच्याला सांभाळून जावे. आणि शीड उभारलेले असूनही यंत्र चालू असेल, तर ती नौका शिडाची मानली जात नाही. सवलत कापडाला नसून अडचणीला आहे.

याच नियमांत मासेमारी करणाऱ्या नौकेला शिडाच्या जहाजाहूनही वरचे स्थान आहे, आणि येथे हा विषय आपल्या कोकण किनाऱ्याच्या दाराशी येतो. परंतु त्यातली अट लक्षात घेण्यासारखी आहे. जाळे पाण्यात असेल, त्यामुळे वळणे कठीण झाले असेल, आणि त्याची ठरलेली खूण किंवा रात्री ठरलेले दिवे लावलेले असतील, तरच ते स्थान मिळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या कोळी बांधवांच्या होड्यांना यंत्रे बसली. जाळे ओढून घेऊन बंदराकडे परतणारी यंत्राची होडी नियमाच्या दृष्टीने साधी यंत्रनौकाच होय. उजव्या अंगाला मालवाहू जहाज दिसले तर वाट तिनेच द्यावयाची. आणि बंदराच्या अरुंद मार्गात तर जाळे पाण्यात असतानाही तिने जहाजाची वाट अडवावयाची नाही. हा फरक तांडेलाला ठाऊक असणे हा त्याच्या जीविताचा प्रश्न आहे. आणि जहाजाच्या अधिकाऱ्यालाही होडीचे दिवे वाचता आले पाहिजेत.

नियम पाठ असले म्हणजे सर्व झाले, असेही नाही. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या किनाऱ्यापासून दूर धुक्याच्या पट्ट्यात 'आंद्रेआ डोरिया' आणि 'स्टॉकहोम' या दोन मोठ्या बोटी रडारवर एकमेकींना पाहत जवळ आल्या. एक डावीकडे वळली, दुसरी उजवीकडे. टक्कर झाली आणि ५१ माणसे दगावली. ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी खुद्द मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया' या जहाजांची टक्कर होऊन शेकडो कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरले आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. १९७२ च्या नियमांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. धुक्यात, एकमेकांना डोळ्यांनी पाहता येत नसताना, अग्रमान कोणालाच नाही. सर्वांनी सारखीच सावधगिरी बाळगावयाची. आणि ज्याने रोख कायम ठेवावयाचा, त्यालाही समोरचा आपले कर्तव्य करीत नाही असे दिसताच स्वतः हालचाल करण्याची मोकळीक आहे. टक्कर त्याखेरीज टळत नसेल तर ती करणे त्याला भागच आहे. नियम माझ्या बाजूने होता, ही सबब तेथे चालत नाही.

शिडाच्या रिवाजापासून रडारपर्यंतच्या या प्रवासात साधने पार बदलली. प्रश्न मात्र तोच राहिला: या घटकेला वळणे कोणाला अधिक सोपे आहे? ज्याला सोपे असेल त्याने आधी, आणि समोरच्याला स्पष्ट दिसेल असे, वळावे. दर्यावरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जीव गमावून हे उत्तर मिळविले आहे. मोठ्या गाडीने लहान गाडीला दटावून वाट काढण्याची जी रीत आपल्या रस्त्यांवर रूढ झाली आहे, तिच्याशी हे उत्तर ताडून पाहण्यासारखे आहे.