तामाच्या गळ्यातील घंटा

माचिको हासेगावा या चित्रकर्तीने १९४६ साली वृत्तपत्रीय चित्रमालिकेच्या रूपाने जन्मास घातलेल्या आणि ५ ऑक्टोबर १९६९ पासून दर रविवारी सायंकाळी दूरचित्रवाणीवर अवतरणाऱ्या ‘साझाए-सान’ या कुटुंबकथेत तामा नावाचे एक पांढरेशुभ्र मांजर आहे. त्याच्या गळ्यात घंटा आहे, घरभर त्याचा मुक्त संचार आहे, आणि त्याला आवाज कोण देतो या प्रश्नाचे उत्तर म्हणून श्रेयनामावलीत केवळ एक प्रश्नचिन्ह उमटते. हा मिस्कीलपणा मला तरी मोठा मार्मिक वाटतो.

परंतु हा मुक्त संचार जपानी मांजराला अनायासे लाभलेला नाही. सम्राट उदा याने इ. स. ८८९ मध्ये ज्या काळ्याभोर मांजराचे कौतुक आपल्या रोजनिशीत नोंदवले, त्या काळापासून मांजर म्हणजे दरबारी चैनीची दुर्मीळ वस्तू होती. आणि ती हरवू नये म्हणून तिला दोरीने बांधून ठेवण्याचा रिवाज अमीरउमरावांत पडला. मुरासाकी शिकिबूच्या ‘गेन्जी’ कथेत तर अशाच एका मांजराची दोरी पडद्यात गुंतते, पडदा बाजूस सरतो, आत उभी असलेली राजकन्या परपुरुषाच्या दृष्टीस पडते, आणि तेथून अनर्थपरंपरा सुरू होते!

अखेर १६०२ साली क्योतो शहरात फर्मान निघाले, की मांजरांच्या दोऱ्या सोडाव्यात आणि त्यांची खरेदी-विक्री करू नये. मोकळी झालेली मांजरे उंदरांच्या मागे धावली, दुकानांच्या उंबरठ्यांवर बसली, कोळ्यांच्या टोपल्या हुंगू लागली. दोरी गेली, तामाच्या गळ्यात घंटा तेवढी राहिली.