आधी माल की आधी दाम? : भारतातील ऑनलाइन व्यापाराच्या उभारणीचा एक विचार (१९९५–२०१८)

यशस्वी उद्योजकांनी आपल्या अनुभवातून सांगितलेले धडे हे अलीकडच्या व्यापारविषयक वाङ्मयाचे एक मोठे अंग होऊन बसले आहे. ग्राहकाला दैवत माना, अपयशाने खचू नका, लहान प्रारंभ करा, ही वचने त्यात पुनःपुन्हा येतात. ती खोटी आहेत असे नव्हे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत. एक तर ती यश पदरात पडल्यानंतर उच्चारलेली असतात. आणि दुसरे असे की, त्याच नियमांनी वागून जे बुडाले त्यांची साक्ष सहसा कोणी नोंदवून ठेवीत नाही. म्हणून उद्योजक काय म्हणाले यापेक्षा त्यांच्यापुढे नेमकी कोणती अडचण होती, तिच्यावर त्यांनी कोणता तोडगा काढला आणि त्या तोडग्याची किंमत कोणी चुकती केली, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. भारतातील ऑनलाइन व्यापाराच्या पहिल्या दोन तपांचा या दृष्टीने विचार केला असता एकच प्रश्न सर्वत्र आढळतो. तो यंत्राचा नाही, विश्वासाचा आहे. परस्परांना न पाहिलेल्या दोन माणसांत व्यवहार व्हावयाचा असेल, तर आधी हात कोणी सोडावयाचा? माल धाडणाऱ्याने की दाम देणाऱ्याने?

१

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आलेला नाही. दूरच्या गिऱ्हाइकाला माल विकण्याची इच्छा बाळगणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्यापुढे तो उभा राहिला आहे, आणि भारतात त्याचे एक उत्तर टपाल खात्याने १८७७ साली देऊन ठेवले होते. व्हॅल्यू पेएबल, म्हणजे मराठी वाचकाच्या तोंडी रुळलेली ‘व्ही. पी.’, ही ती पद्धत होय. विक्रेत्याने पार्सल टपालात टाकावे, पोस्टमनने ते घरी न्यावे, घेणाऱ्याने पैसे मोजून ते ताब्यात घ्यावे आणि टपाल खात्याने ती रक्कम विक्रेत्याकडे पोचती करावी, अशी ही साधी योजना होती. १८८० साली टपालाची मनिऑर्डर सुरू झाल्यावर पैशाचा परतीचा प्रवासही सोपा झाला. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची पुस्तके आणि औषधविक्रेत्यांच्या बाटल्या व्ही. पी.ने खेडोपाडी जात असत. या पद्धतीत दोष नव्हते असे नाही. पैसे मोजल्यावाचून पुडके फोडता येत नसे, आणि घेणाऱ्याने ऐन वेळी नकार दिला तर जाण्यायेण्याचा भुर्दंड विक्रेत्याच्या माथी बसे. तथापि तिचे एक वैशिष्ट्य विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. विक्रेता आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये उभी राहिलेली संस्था सार्वजनिक होती, आणि तिची सेवा मोठ्या पेढीला व एकट्या ग्रंथविक्रेत्याला सारख्याच नियमाने मिळत होती.

२

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेटची सेवा सर्वसामान्यांना खुली केली. ती दूरध्वनीच्या तारेवरून चालणारी, मंद आणि महाग होती. खाजगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा १९९८ च्या अखेरीस मिळाली. या काळात ज्यांनी धंदा उभा केला त्यांत संजीव बिखचंदानी यांचे उदाहरण बोधप्रद आहे. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतून बाहेर पडून ते एका मोठ्या कंपनीत नोकरीस होते. कचेरीत येणारे व्यापारविषयक नियतकालिक सहकारी शेवटच्या पानांपासून चाळतात, कारण नोकऱ्यांच्या जाहिराती तेथे असतात, हे त्यांनी पाहिले होते. ज्याला आज नोकरी आहे तोही दुसऱ्या नोकरीची जाहिरात वाचतो, एवढेच हे निरीक्षण. १९९६ साली दिल्लीच्या एका प्रदर्शनात त्यांना इंटरनेटचे प्रथम दर्शन घडले, आणि १९९७ च्या वसंतात ‘नोकरी’ हे संकेतस्थळ सुरू झाले. वर्तमानपत्रांतून वेचून काढलेल्या जाहिराती हे त्याचे आरंभीचे भांडवल होते. आणि अमेरिकेत प्राध्यापक असलेल्या वडील बंधूंनी तेथे महिना पंचवीस डॉलर भाड्याने संगणकाची व्यवस्था करून दिली होती.

हा धंदा का तगला? पहिले कारण असे की, त्यात माल नव्हताच. विकली जात होती ती माहिती, आणि पैसे देणारी होती ती कंपनी. नोकरी शोधणाऱ्याला काही मोजावे लागत नव्हते; अर्थात त्याच्या विश्वासाची कसोटीही फारशी लागत नव्हती. दुसरे कारण भांडवलाच्या वापराचे. एप्रिल २००० मध्ये या कंपनीला सुमारे सव्वासात कोटी रुपयांचे भांडवल मिळाले. त्याच सुमारास अमेरिकेतील संकेतस्थळांच्या भागभांडवलाचा फुगा फुटला आणि भारतातील पुष्कळ नव्या कंपन्या त्याबरोबर गेल्या. ‘नोकरी’च्या चालकांनी रकमेचा बराच भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवला होता, आणि जाहिरातींवर उधळण्याऐवजी गावोगाव विक्रेते नेमून कंपन्यांच्या दारी जाण्यात तो बेताबेताने खर्च केला. नोव्हेंबर २००६ मध्ये तिची मूळ कंपनी भागबाजारात आली. संगणकाच्या पडद्यावर चालणाऱ्या या धंद्याचा खरा कणा पायी फिरणारे विक्रेते होते, ही गोष्ट त्याच्या यशाच्या कथनात बहुधा मागे पडते.

३

प्रत्यक्ष वस्तू विकू पाहणाऱ्यांची वाट याहून बिकट होती. १९९९ साली बंगळुरात सहा भागीदारांनी ‘फॅबमार्ट’ सुरू केले. संगीताच्या ध्वनिफिती व तबकड्या यांपासून प्रारंभ करून ते पुस्तके व किराणा यांकडे वळले. परंतु इंटरनेट थोड्यांच्या घरी, क्रेडिट कार्ड त्याहून थोड्यांच्या खिशात, आणि कार्डाचा क्रमांक अदृश्य दुकानदाराला कळवण्याची तयारी त्यांतल्याही मोजक्यांची. तेव्हा या भागीदारांनी रस्त्यावरची खरीखुरी किराणा दुकाने उघडली. ती वाढली आणि पुढे आदित्य बिर्ला समूहाकडे गेली. ऑनलाइन शाखा के. वैथीश्वरन यांनी ‘इंडियाप्लाझा’ या नावाने चालू ठेवली. ती २०१३ साली बंद पडली, आणि तिच्या अपयशाची हकिगत त्यांनी स्वतःच एका पुस्तकात मोकळेपणाने लिहिली. उलट मूळ सहांपैकी चौघांनी आणखी एका सहकाऱ्यासह २०११ मध्ये ‘बिगबास्केट’ हा किराण्याचा ऑनलाइन व्यापार पुन्हा सुरू केला, आणि २०२१ मध्ये त्यातील बहुसंख्य भाग टाटा समूहाने घेतला.

उद्योजकांच्या धड्यांवर विसंबणाऱ्याने या उदाहरणापाशी थोडे थांबले पाहिजे. येथे माणसे जवळजवळ तीच, शहर तेच, कल्पनाही तीच. फळ मात्र भिन्न. मधल्या बारा वर्षांत बदलला तो देश. दुकानदारीच्या अनुभवाने त्या चौघांना मालाची साठवण आणि खरेदी शिकवली हे खरे; पण लोकांना पैसे देण्याची आणि दारात माल घेण्याची सवय लागली ती त्यांच्या एकट्याच्या प्रयत्नाने नव्हे.

४

ही सवय लावण्यात एका सरकारी उपक्रमाचा वाटा मोठा आहे. रेल्वेच्या खानपान व पर्यटन महामंडळाने ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवरून आरक्षण सुरू केले. प्रारंभी पैसे पडद्यावर भरावयाचे आणि छापील तिकीट कुरियरने घरी यावयाचे, असा प्रकार होता. रेल्वे पैसे घेऊन पळून जाणार नाही, ही खात्री प्रत्येकाला होती. म्हणून आयुष्यातील पहिला ऑनलाइन व्यवहार अनेक मध्यमवर्गीयांनी रेल्वेशी केला. खाजगी उद्योजकांना जो विश्वास कमवावयास वर्षे लागली असती, तो सरकारी नावाने आयताच मिळवून दिला.

खाजगी बसच्या प्रवासाला असे नाव नव्हते. २००५ च्या दिवाळीत बंगळुरात काम करणाऱ्या फणींद्र सामा या तरुण अभियंत्याला गावी जाण्यासाठी तिकीट मिळाले नाही. वस्तुतः बसगाड्यांत जागा असू शकत होत्या. पण प्रत्येक दलालाला आपल्या वाट्याच्या तेवढ्याच जागा ठाऊक असत आणि सर्व जागांचा हिशेब एका ठिकाणी कोणापाशीच नसे. त्याने दोन मित्रांसह २००६ साली ‘रेडबस’ काढली. बसमालकांनी संगणकावर हिशेब ठेवावा म्हणून या तिघांनी आधी त्यांच्यासाठी आज्ञावली तयार केली होती. मालकांना तिची गरज वाटली नाही. तेव्हा त्यांनी मागणी बदलली : आज्ञावली नको तर नको, विकण्यापुरत्या थोड्या जागा द्या. जागा विकल्या जाऊ लागल्या तसे मालकांचे मन वळले, आणि नाकारलेल्या संगणकाला पुढे त्यांच्या कचेरीत प्रवेश मिळाला. गिऱ्हाइकाच्या विश्वासाची चर्चा पुष्कळ होते; पुरवठादाराचा विश्वासही तितकाच कष्टाने मिळवावा लागतो, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते. २०१३ साली ही कंपनी आयबिबो समूहाने विकत घेतली.

५

सचिन बन्सल व बिन्नी बन्सल यांनी २००७ साली बंगळुरात ‘फ्लिपकार्ट’ सुरू केली, तेव्हा त्यांच्यापाशी सुमारे चार लाख रुपये होते. त्यांनी पुस्तके निवडली. कोणत्याही दुकानातले एखादे पुस्तक दुसऱ्या दुकानातल्यासारखेच असते. ते नासत नाही. आणि फसवणूक झालीच तरी गिऱ्हाइकाचे दोन-तीनशे रुपयेच जातात. ज्याच्यावर कोणाचा विश्वास नाही अशा दुकानदाराने विकावयास पुस्तकासारखी वस्तू नाही. अमेरिकेतील ‘अॅमेझॉन’नेही १९९५ मध्ये पुस्तकांपासूनच आरंभ केला होता. पहिली मागणी त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगरहून आली, आणि ते पुस्तक शोधण्यासाठी चालकांना शहरातील दुकाने धुंडाळावी लागली. पुस्तकांच्या दुकानांबाहेर उभे राहून गिऱ्हाइकांच्या हाती आपल्या नावाच्या वाचनखुणा देणे, ही त्यांची पहिली जाहिरात होती.

परंतु पुस्तकांपलीकडे जाऊन भ्रमणध्वनीसारख्या महाग वस्तू विकावयाच्या तर मूळ प्रश्न चुकवता येत नव्हता. २०१० मध्ये फ्लिपकार्टने माल दारात पोचल्यावर पैसे घेण्याची पद्धत स्वीकारली. हा शोध नव्हता, व्ही. पी.चेच ते नवे रूप होते. इतर देशांतही याच प्रश्नाची उत्तरे शोधावी लागली, पण ती वेगळी निघाली. अमेरिकेत ‘ईबे’ने १९९६ मध्ये खरेदीदार व विक्रेते यांनी परस्परांविषयी जाहीर अभिप्राय नोंदवण्याची सोय केली. चीनमध्ये ‘अलीबाबा’च्या ‘अलीपे’ने गिऱ्हाइकाचे पैसे माल पोचेपर्यंत स्वतःकडे अडकवून ठेवले. भारतीय गिऱ्हाइकाला मात्र हातात पार्सल आल्यावाचून खिशात हात घालणे मान्य नव्हते, आणि उद्योजकांनी त्याला बदलू पाहण्याऐवजी स्वतःला बदलले.

या बदलाची परिणामसाखळी लक्षात घेण्याजोगी आहे. रोकड गोळा करून तिचा नेमका हिशेब देणे हे साध्या कुरियर कंपन्यांचे काम नव्हते. म्हणून स्वतःची वाहतूक उभारणे भाग पडले. स्वतःची वाहतूक म्हणजे गोदामे, गाड्या आणि हजारो माणसे. शिवाय विकलेल्या मालाचे पैसे हाती येण्यास विलंब, आणि दारातून परत आलेल्या मालाचा खर्च वेगळाच. एवढा भार नफ्यातून उचलणे शक्य नव्हते. सबब भांडवल हवे, आणि ते मुख्यतः परदेशांतून आले. प्रत्येक फेरीबरोबर संस्थापकांचा हिस्सा घटत गेला. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ‘वॉलमार्ट’ने सुमारे १६ अब्ज डॉलर देऊन कंपनीतील जवळजवळ ७७ टक्के भाग घेतला. चार लाखांच्या धंद्याचे हे यश अपूर्व आहे यात शंका नाही. परंतु भारतीय गिऱ्हाइकाचा विश्वास कमावण्याचा खर्च ज्याने सोसला, त्याच्याच मालकीची ती मिळकत अखेरीस झाली, हेही तितकेच खरे.

६

येथे १८७७ ची व्ही. पी. आणि २०१० ची दारातील वसुली यांतील भेद स्पष्ट होतो. दोन्हींनी एकच प्रश्न सोडवला. पहिल्या पद्धतीत विश्वासाची यंत्रणा सार्वजनिक होती, म्हणून ती कोणत्याही लहान विक्रेत्याला वापरता आली. दुसऱ्या पद्धतीत ती एका कंपनीची मालमत्ता ठरली. लहान विक्रेत्याला ती मिळते, पण मालकाच्या अटींवर. फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आलेल्या परकीय गुंतवणुकीच्या नियमांनी, ज्या कंपनीत बाजारपेठ चालवणाऱ्या संस्थेचा हिस्सा आहे तिने त्याच बाजारपेठेत माल विकण्यास मनाई केली. त्या नियमांमागील वाद अखेर याच अटींचा होता.

याच काळात एक उलट दिशेची घटनाही घडली. रिझर्व्ह बँक व इतर बँका यांच्या पुढाकाराने २००८ साली मुंबईत स्थापन झालेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाने एप्रिल २०१६ मध्ये ‘यूपीआय’ ही पैसे पाठवण्याची योजना सुरू केली. ती कोणा एका दुकानाची नाही. भाजीवाली आणि मोठी कंपनी तिचा सारखाच उपयोग करू शकतात. दाम देण्याची बाजू अशा रीतीने पुन्हा सामाईक झाली. माल पोचवण्याची बाजू अद्याप मुख्यतः खाजगी हातांत आहे.

या इतिहासातून नव्या उद्योजकाने काही घ्यावयाचे असेल तर ते असे : आपल्या धंद्यात आधी हात कोण सोडतो हे प्रथम ओळखावे, ज्या वस्तूत गिऱ्हाइकाची जोखीम सर्वांत कमी तिच्यापासून आरंभ करावा, आणि विश्वास मिळवण्याचा खर्च कोणाच्या पैशाने करीत आहोत याचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवावा. अभ्यासकाने घ्यावयाचे ते याहून थोडे वेगळे आहे. उद्योजकाचे धैर्य आणि कल्पकता यांचे मोल कमी न करता, त्याच्या पायाखाली टपाल, रेल्वे, बँका आणि दूरसंचार यांनी घातलेली भर किती होती हे त्याने मोजले पाहिजे. व्यक्तीच्या यशाच्या कथेत ही भर सहसा नोंदली जात नाही. आणि ती नोंदली गेली नाही, तर पुढच्या पिढीसाठी ती पुन्हा घालावी लागते हेही कोणाच्या ध्यानात राहत नाही.