भुकेली हाडे
परावटू अर्थात पॅराथायरॉइड ग्रंथीची अतिक्रियाशील गाठ काढल्यानंतर रक्तातील कॅल्शियम घसरून दीर्घकाळ कमीच राहण्याची स्थिती. जादा संप्रेरकामुळे हाडे वर्षानुवर्षे झिजत असतात. गाठ निघताच झीज थांबते आणि हाडे रक्तातले कॅल्शियम, फॉस्फेट व मॅग्नेशियम अक्षरशः ओरपू लागतात. नाव म्हणूनच चपखल. कॅल्शियम 4 दिवसांहून अधिक काळ दर डेसिलिटरमागे 8.4 मिलिग्रॅमच्या खाली राहिल्यास सामान्यतः हे निदान करतात. ओठांभोवती व बोटांत मुंग्या, पेटके, क्वचित झटके येतात. मूत्रपिंड निकामी नसेल तर फॉस्फेटची पातळी बोलकी ठरते: भुकेल्या हाडांत ती घटते, उरलेल्या ग्रंथीच मंदावल्या असतील तर वाढते. ही मंदता 6 महिन्यांनंतरही टिकली, तर ती बहुधा कायमची.

अमेरिकी जहाजाचे कप्तान चार्ल्स मार्टेल यांची गाठ 1932 मध्ये, सातव्या शस्त्रक्रियेत, मानेत नव्हे तर छातीत सापडली. पाठोपाठ कॅल्शियम कोसळून त्यांना आचके आले. मृत्यू मात्र काही आठवड्यांनी मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्यामुळे ओढवला.

तीव्र अवस्थेत शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात; पुढे तोंडावाटे कॅल्शियम व कॅल्सिट्रायॉल. मॅग्नेशियमची उणीव भरल्याखेरीज कॅल्शियम सहसा सावरत नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता शस्त्रक्रियेआधीच दूर करणे इष्ट.